परमुलखातील प्रशिक्षक : संदीप पाटील आणि केनिया

गतवर्षी आपल्या महाविद्यालयाच्या क्रीडासमितीच्या सभेत एक प्रश्न निघाला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आपला क्रिकेटचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला होता. तेव्हा पुढील वर्षी नागपूरहून एखादा जाणता प्रशिक्षक दोन महिन्यांसाठी तुमसरला बोलवावा, अशी सूचना विद्यार्थी प्रतिनिधींनी मांडली. मी तिला विरोध केला. बाहेरच्या मनुष्याला इथली माती ठाऊक नसते, मुले ठाऊक नसतात. तो येईल, मानधन घेईल, निघून जाईल, आणि आपण होतो तिथेच राहू, असे मी बोललो. त्यावर मागच्या बाकावरून एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, मग केनियाचं काय जी?"

केनियाने विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यापर्यंत मजल मारली त्या २००३ साली हा मुलगा जन्मलाही नसेल. "केनिया नशिबाने वर गेला," एवढे बोलून मी वेळ मारून नेली आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली. पण ते उत्तर माझे मलाच पटले नव्हते. पुराव्याशिवाय विधान करू नये, असे इतिहासाच्या तासाला मुलांना बजावणारा मी, धावफलकाकडेसुद्धा न पाहता निकाल देऊन मोकळा झालो होतो. दिवाळीच्या सुट्टीत मी ते सामने, त्यांचे गुणतक्ते आणि केनियाचे त्या वेळचे प्रशिक्षक श्री. संदीप पाटील यांची कारकीर्द नीट तपासली. त्या तपासणीत जे हाती लागले ते येथे मांडतो.

संदीप मधुसूदन पाटील यांचा जन्म मुंबईत १८ ऑगस्ट १९५६ रोजी झाला. वडील मधुसूदन पाटील हे स्वतः मुंबईकडून खेळलेले. शिक्षण बालमोहन विद्यामंदिर आणि रुईया महाविद्यालय येथे, क्रिकेटचे धडे अंकुश ऊर्फ अण्णा वैद्य यांच्या हाताखाली आणि वातावरण दादरच्या शिवाजी पार्कचे. ज्या मुलाच्या चारी बाजूंना क्रिकेटच क्रिकेट आहे, त्याने क्रिकेटपटू व्हावे यात नवल कसले? जानेवारी १९८० मध्ये मद्रास येथे पाकिस्तानविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले. कसोटी कारकीर्द २९ सामन्यांची, धावा १५८८, शतके चार. नुसते आकडे पाहिले तर ही काही फार मोठी कारकीर्द नव्हे. परंतु त्यांतील दोन-तीन प्रसंग असे आहेत की आकड्यांनी त्यांचे मोजमाप होत नाही, आणि पुढे केनियात जे घडले ते समजण्यास मला ते फार उपयोगी पडले.

पहिला प्रसंग ऑस्ट्रेलियातला. जानेवारी १९८१ मध्ये सिडनीच्या कसोटीत पाटील ६५ धावांवर खेळत होते. डोक्यावर हेल्मेट नव्हते. लेन पॅस्को याचा उसळता चेंडू डोक्यावर आदळला आणि ते जागीच कोसळले. मैदानाबाहेर न्यावे लागले. असा चेंडू खाल्लेला फलंदाज पुढे वेगवान गोलंदाजापासून मनातल्या मनात एक पाऊल मागे सरतो, असा सर्वसाधारण अनुभव. पाटील यांनी तीनच आठवड्यांनी ॲडलेड येथे त्याच गोलंदाजांसमोर १७४ धावा काढल्या. दुसरा प्रसंग १९८२ च्या मँचेस्टर कसोटीचा. बॉब विलिस याच्या एका षटकात त्यांनी सहा चौकार मारले आणि त्या डावात नाबाद १२९ धावा केल्या. पुढल्याच वर्षी त्याच मैदानावर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध ३२ चेंडूंत नाबाद ५१ धावा करून त्यांनी भारताला अंतिम सामन्यात नेण्यास हातभार लावला. त्या वेळी ज्यांच्या घरी रेडिओ होता, त्यांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती, असे आमच्या आळीतील वडीलधारी माणसे आजही सांगतात.

तिसरा प्रसंग पडझडीचा. डिसेंबर १९८४ मध्ये दिल्लीच्या कसोटीत उंच फटका मारण्याच्या नादात पाटील बाद झाले, भारत हरला, आणि बेजबाबदार फटक्याबद्दल कपिलदेव व पाटील या दोघांनाही पुढल्या कसोटीतून वगळण्यात आले. कपिलदेव लगेच परतले. पाटील यांना मात्र कसोटीचे दार पुन्हा उघडले नाही, कारण त्यांच्या जागी कलकत्त्यास आलेल्या अझरुद्दीन नावाच्या कोवळ्या पोराने पहिल्याच कसोटीत शतक ठोकले. ज्या फटक्यांनी नाव झाले, त्यांतल्याच एकाने घात केला. मधल्या काळात 'कभी अजनबी थे' या चित्रपटात त्यांनी नायकाचे काम केले आणि पुढे 'एकच षटकार' या मराठी क्रीडाविषयक नियतकालिकाचे संपादनही केले. चित्रपटाविषयी न बोललेलेच बरे. नियतकालिकाचे जुने अंक मात्र आमच्या पिढीने हाताळून हाताळून फाडले आहेत.

यानंतरचा भाग बहुधा कोणी लक्षात घेत नाही, पण माझ्या मते केनियाची तयारी तेथेच झाली. १९८८ ते १९९३ या काळात पाटील मध्य प्रदेशाच्या रणजी संघाचे कर्णधार होते. आपल्या तालुक्याच्या उत्तरेला बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश लागतो, त्यामुळे तिकडील क्रिकेटची त्या वेळची स्थिती आपल्याला काही परकी नाही. मुंबईत खेळाडू हरायला शिकतच नाही. शिवाजी पार्कवरचे पोरही जिंकायचेच या हिशेबाने उतरते. मध्य प्रदेशात ते नव्हते. शिकवायला गेलेल्या मोठ्या शहरातील मनुष्याने पहिली गोष्ट शिकायची असते ती ही, की आपल्याला जे श्वासासारखे सहज आहे ते समोरच्याला मुळातून समजावून सांगावे लागते. हा धडा पाटील यांनी कर्णधार म्हणून पाच वर्षे गिरवला. १९९६ मध्ये काही महिने ते भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. तेथे फार काळ टिकले नाहीत. मग आले केनिया.

केनियात क्रिकेट नेले ते इंग्रजांनी; वाढवले मात्र बहुतांशी आपल्या लोकांनी. १८९६ पासून मोंबासा ते युगांडा हा लोहमार्ग घालण्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर नेण्यात आले. त्यांतले काही तेथेच राहिले, त्यांच्यामागून व्यापारी गेले, जिमखाने आणि क्लब निघाले. बराच काळ हा खेळ गोऱ्यांचा आणि आशियाई लोकांचाच होता. पुढे आफ्रिकी कुटुंबांतील मुले मैदानात उतरली आणि तीही एकेकटी नव्हे, भावाभावांनी उतरली. टिकोलो बंधू, ओडुंबे बंधू, सुजी बंधू, ओबुया बंधू अशी ती घराणीच होती. यष्टिरक्षक केनेडी ओटिएनो हा या ओबुयांपैकी थोरला. कॉलिन्स आणि डेव्हिड त्याचे धाकटे भाऊ. आपल्याकडे दिवाळीनंतर धान कापून झाले की रिकाम्या बांध्यांत जे टेनिस चेंडूचे सामने रंगतात, त्यांतही एकेका घरचे तिघे-चौघे एका बाजूने खेळताना दिसतात. ही यादी वाचताना मला त्यांचीच आठवण झाली.

१९९४ मध्ये नैरोबीत भरलेल्या आयसीसी करंडकात केनिया उपविजेता ठरला आणि १९९६ च्या विश्वचषकात त्याला प्रथमच स्वतंत्र संघ म्हणून प्रवेश मिळाला. त्या वेळचे प्रशिक्षक होते हनुमंत सिंग, म्हणजे तेव्हाही भारतीयच. २९ फेब्रुवारी १९९६ हा दिवस महाराष्ट्राने तरी विसरू नये, कारण त्या दिवशी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडीजला हरवले. केनियाच्या धावा १६६, आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा कोणा फलंदाजाचा नसून अवांतर धावांचा! वेस्ट इंडीजचा डाव ९३ धावांत आटोपला. १९९८ मध्ये ग्वाल्हेरला आणि २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला याच केनियाने भारतालाही हरवले होते.

हे सारे विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. रोवणीच्या दिवसांत आपण पाहतो की पऱ्हे एका ठिकाणी टाकलेले असते आणि रोवले जाते दुसऱ्या बांधीत. नव्या मातीत ते तगते, कारण चिखलणी आधीच झालेली असते. पाटील केनियास गेले तेव्हा टिकोलो, ओडुंबे, ओडोयो, मार्टिन सुजी हे सगळे तयार खेळाडू होते आणि त्यांच्या अंगावर मोठ्या विजयांची धूळ बसलेली होती. चिखलणी इतरांनी केली होती. सभेत उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला हे ठाऊक नव्हते. पण मलाही तेव्हा ठाऊक नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

आता माझ्या 'नशिबा'कडे वळतो. २००३ च्या स्पर्धेत केनियाचा पहिला सामना १२ फेब्रुवारीस दक्षिण आफ्रिकेशी झाला. १४० धावांत डाव संपला आणि दहा गडी राखून पराभव झाला. तीन दिवसांनी केपटाऊनला कॅनडावर चार गड्यांनी विजय. त्यानंतर नैरोबीत न्यूझीलंडशी सामना होता. आदल्या नोव्हेंबरात मोंबासा येथे बाँबहल्ला झाला होता. सुरक्षेच्या कारणावरून न्यूझीलंडने नैरोबीस जाण्याचे नाकारले आणि सामन्याचे चार गुण केनियास आपोआप मिळाले. माझे 'नशीब' ते हेच.

गटातील पहिले तीन संघ पुढे जायचे होते. श्रीलंकेचे १८ गुण झाले, केनिया व न्यूझीलंड यांचे प्रत्येकी १६, आणि दक्षिण आफ्रिका व वेस्ट इंडीज यांचे १४. न्यूझीलंडने नैरोबीस येऊन सामना जिंकला असता तर केनिया १२ गुणांवर अडकला असता व घरी गेला असता. इथपर्यंत माझे म्हणणे खरे ठरते. पण आता दुसऱ्या बाजूने मांडून पाहावे. चार गुण फुकट मिळाले असतानाही केनिया श्रीलंकेशी हरला असता, तर त्याचे गुण पुन्हा १२ च झाले असते आणि तो घरीच गेला असता. म्हणजे नशिबाने जेवढे गुण दिले तेवढेच मैदानावर मिळवल्यावाचून सुटका नव्हती. शिवाय नशीब काही एकट्या केनियाच्या दारी आले नव्हते. दक्षिण आफ्रिकेने पावसातल्या सामन्यात धावांचा तक्ता चुकीचा वाचला आणि जिंकता येणारा सामना बरोबरीत सोडला. वेस्ट इंडीजचा बांगला देशाशी सामना पावसात वाहून गेला. सगळ्याच पारड्यांत थोडेथोडे पाणी पडले होते.

आणि तो श्रीलंकेचा सामना! २४ फेब्रुवारी, मैदान नैरोबी जिमखान्याचे. केनियाने ९ बाद २१० धावा केल्या, त्यांत केनेडी ओटिएनोच्या ६०. समोर १९९६ चे विश्वविजेते, मुरलीधरन आणि वास यांच्यासह. त्यांचा डाव १५७ धावांत संपला. कॉलिन्स ओबुया या लेगस्पिन टाकणाऱ्या तरुणाने २४ धावांत पाच बळी घेतले. अरविंद डिसिल्वा आणि जयवर्धने हे त्याचेच बळी. लेगस्पिन गोलंदाज हा कर्णधाराच्या दृष्टीने महागडा जुगार असतो. एखादा चेंडू आखूड पडला की चौकार बसतो, आणि सावध कर्णधार लगेच त्याला बाजूला करतो. ओबुयाने त्या दिवशी आपली दहाच्या दहा षटके टाकली. पाटील त्या पोराशी काय बोलले हे मी सांगू शकत नाही, मी तेथे नव्हतो. पण एका फटक्यापायी ज्याची कसोटी कारकीर्द संपली, तो गुरू आपल्या शिष्याला 'जपून खेळ, जागा जाईल' असे शिकवू शकला असता. पहिल्या सामन्यात दहा गड्यांनी हरलेला हा संघ बारा दिवसांनी ज्या मोकळेपणाने खेळला, त्यावरून तरी त्याला भीती शिकवलेली दिसत नाही. मला येथे सिडनीनंतरचे ॲडलेड दिसते. हे माझे अनुमान आहे आणि वाचकांनी ते अनुमान म्हणूनच घ्यावे.

पुढे बांगला देशावर ३२ धावांनी विजय मिळाला. मॉरिस ओडुंबेने नाबाद ५२ धावा आणि चार बळी अशी कामगिरी केली. वेस्ट इंडीजसमोर मात्र १०४ धावांत धुव्वा उडाला. तरीही केनिया अव्वल सहा संघांत पोचला. तेथे भारताविरुद्ध २२५ धावा करून त्याने आपले तीन फलंदाज २४ धावांत माघारी धाडले, तेव्हा तुमसरच्या पानटपऱ्यांवर शुकशुकाट झाला होता. गांगुलीने शतक काढून लाज राखली. नंतर केनियाने झिंबाब्वेला सात गडी राखून हरवले. गुणतक्त्याची गंमत अशी की हा सामना तो हरला असता तरी चाललेच असते: आधीचे १० गुण गाठीशी होते आणि न्यूझीलंडची गाडी ८ वरच थांबली. परंतु मग उपांत्य सामन्यात गाठ पडली असती ऑस्ट्रेलियाशी.

ऑस्ट्रेलियाशी झालेला सामना केनिया हरला. ब्रेट ली याने आरंभीच सलग तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. तरीही सामनावीर ठरला केनियाचाच आसिफ करीम. हे गृहस्थ तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे. १९९९ च्या विश्वचषकात संघाचे कर्णधार, नंतर निवृत्त, आणि या स्पर्धेसाठी पुन्हा बोलावलेले. टेनिसमध्येही डेव्हिस चषकात त्यांनी केनियाचे प्रतिनिधित्व केले होते. त्या दिवशी त्यांचे पृथक्करण होते ८.२ षटके, ६ निर्धाव, ७ धावा, ३ बळी. पाँटिंग, लेहमन, हॉग. जगज्जेत्या फलंदाजांसमोर सहा षटके निर्धाव! क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते आकडे आपल्या वहीत उतरवून घ्यावेत.

२० मार्च २००३ रोजी दर्बान येथे भारत विरुद्ध केनिया असा उपांत्य सामना झाला. कसोटी दर्जा नसलेला संघ या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात पोचण्याची ही एकमेव वेळ. वीस वर्षांपूर्वी भारताला उपांत्य सामना जिंकून देणारे पाटील आता भारताला हरवण्याची योजना घेऊन समोरच्या तंबूत बसले होते, आणि मैदानावर त्यांच्याच शिवाजी पार्कचा तेंडुलकर ८३ धावा काढीत होता. गांगुलीच्या नाबाद १११. भारत ४ बाद २७०, केनिया १७९. कर्णधार स्टीव्ह टिकोलोच्या ५६. हा सामना मी त्या वेळी शेजाऱ्यांच्या दूरदर्शन संचावर पाहिला. भारताच्या प्रत्येक चौकाराला टाळ्या वाजवल्या आणि पाटील यांचा चेहरा पडद्यावर आला की मात्र आम्ही सगळे थोडे गप्प होत असू. आपलाच मनुष्य, परक्या बाजूला!

स्पर्धा संपली व पाटील परतले. नंतरची हकीकत उदास करणारी आहे. मंडळाचा कारभार विस्कटला, वेतनाच्या वादावरून प्रमुख खेळाडूंनी खेळण्यास नकार दिला, २००४ मध्ये ओडुंबेवर सट्टेबाजाशी संबंध ठेवल्याबद्दल पाच वर्षांची बंदी आली, मोठे देश केनियाशी फारसे खेळेनासे झाले. २०११ नंतर केनिया विश्वचषकात दिसला नाही आणि २०१४ मध्ये त्याचा एकदिवसीय सामन्यांचा दर्जाही गेला. टिकोलो-ओडुंबे यांच्या तोलाची दुसरी फळी उभी राहिली नव्हती.

मग पाटील यांचे काम वाया गेले, असे म्हणावे काय? फुटबॉलमध्ये याला जवळचे एक उदाहरण आहे. डब्लिनचा पॅट्रिक ओ'कॉनेल हा आयरिश खेळाडू मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार होता. १९२२ मध्ये तो स्पेनमध्ये प्रशिक्षक म्हणून गेला आणि १९३५ साली त्याने सेव्हिलच्या बेटिस संघाला स्पेनचे अजिंक्यपद मिळवून दिले. बेटिसला ते पुन्हा कधीच मिळालेले नाही. पुढे यादवी युद्धाच्या धामधुमीत तो बार्सिलोनाचा प्रशिक्षक होता. १९३७ मध्ये त्या संघाने मेक्सिको व अमेरिकेचा दौरा केला आणि त्या पैशावर तो क्लब तगला. ओ'कॉनेल स्वतः १९५९ मध्ये लंडनला दारिद्र्यात वारला. बेटिसला दुसरे अजिंक्यपद मिळाले नाही याचा दोष त्याच्या माथी कोणी मारत नाही. याच्या उलट उदाहरण आपल्याच मुंबईच्या लालचंद राजपूत यांचे. ते अफगाणिस्तानचे प्रशिक्षक असताना, २०१७ मध्ये, त्या देशाला कसोटी दर्जा मिळाला. थोड्याच दिवसांत ते तेथून निघाले, तरी तो संघ पुढे जातच राहिला, कारण खालून नवी पोरे येत राहिली. दोन्हीकडे प्रशिक्षक मुंबईचाच. फरक पडला तो मागे राहिलेल्या माणसांच्या कामात.

या वर्षीच्या पहिल्या सभेत मी माझा विरोध मागे घेतला आणि त्या विद्यार्थ्यासमोरच सांगितले की माझे उत्तर अर्धे चुकीचे होते. प्रशिक्षक यावेत. मात्र त्यासोबत मी एक सूचना मांडली: ते येण्यापूर्वी आपली खेळपट्टी पाणी मारून, रूळ फिरवून तयार झालेली असावी, आणि ते गेल्यावर प्रथम वर्षाच्या मुलांचा सराव कोण घेणार, हे नावानिशी लिहून ठेवावे. पहिला भाग सर्वांना मान्य झाला. दुसऱ्या भागावर बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी त्याच मुलाने हात वर केला. तो अंतिम वर्षाला आहे, त्याची परीक्षा मार्चमध्ये आहे. तरी रविवारी सकाळी येत जाईन म्हणाला. रूळ सध्या ग्रंथालयामागच्या बाभळीखाली अर्धा मातीत रुतलेला आहे. तो काढायला आठ जण लागतील.